मराठी रॅपला हक्काचा रंगमंच हवा

मराठी रॅपला पुन्हा बहर येत असल्याविषयीचा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला आणि त्यातील उत्साह मनापासून पटला. मात्र हा बहर केवळ समाजमाध्यमांवरील प्रेक्षकसंख्येने मोजणे अपुरे वाटते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप समूहाने २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेतील वारली आदिवासींचे प्रश्न रॅपमधून मांडले. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने प्रसिद्ध केले. गुणवत्तेची वानवा कधीच नव्हती, वानवा आहे ती जागेची. आजही आमच्या भागातील मुले रात्री उड्डाणपुलाखाली मोबाइलवर ठेका लावून, वाहनांच्या गोंगाटावर आवाज चढवत सराव करतात आणि कोणी हटकले की मुकाट्याने पांगतात. याच शहरात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी कामगारांचे जगणे डफ-तुणतुण्यावर मांडले, आणि त्यांना श्रोता मिळाला तो चाळींत, मैदानांत, प्रत्यक्ष समोर बसलेला. रॅप करणारी ही मुले माझ्या मते त्याच शाहिरीचे वारसदार आहेत. त्यामुळे विलेपार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास आणि बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही महापालिकेची नाट्यगृहे ज्या दुपारी रिकामी असतील, त्या दुपारी ती नाममात्र भाड्यात या कलावंतांना द्यावीत, अशी माझी महापालिकेला आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, परळ, मुंबई