परळच्या प्लेग-नकाशासाठी मदतीचे आवाहन

सभासद, हितचिंतक आणि परळकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाचा ‘प्लेगकाळातले परळ’ हा नकाशा काढून तयार आहे, पण पैशांवाचून भिंतीवर लागत नाही.

1896 साली मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण हा रोग पसरतो कसा याचा छडा लावण्याचे मोठे काम पुढे झाले ते आपल्या परळात, हे परळकरांनाच सांगावे लागते! 1905 पासून प्लेग आयोगाची माणसे आजच्या हाफकिन संस्थेच्या इमारतीत होती. मेलेला उंदीर कुठे सापडला याची चिठ्ठी त्याला लावायची, मग तो चिरून तपासायचा. प्लेगच्या घरात गिनीपिग सोडायचे आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा वेचायच्या. यातून उलगडले की उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात: आधी गटारातले उंदीर मरतात, मग घरातले, आणि त्यानंतर माणसे. तोवर सगळा राग रोग्यांवर आणि त्यांच्या घरांवर निघत होता.

नकाशा इथवर आला तो जुन्या सभासदांच्या जिवावर. गिरणीतून निवृत्त झालेल्या आपल्या नानांनी फंडाच्या पैशांतून स्कॅनर घेऊन दिला, वर रोज स्वतः येऊन बसले. कोपऱ्यावरच्या चाळीतल्या काकींनी सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत भाड्याच्या पावत्या. 1907 च्या एकीच्या मागे पेन्सिलीने नुसते ‘खोली बंद’. त्या पावतीसाठी काकींना आम्ही काय द्यावे? त्यांनी चहासुद्धा आपल्याच घरचा पाजला.

गेल्या दिवाळीत नव्या टॉवरांत घरोघर पत्रके टाकली. एकही उत्तर आले नाही. गणपतीच्या देखाव्याला मात्र वर्गणी कमी पडत नाही, असो.

हवे आहेत 65,000 रुपये (छपाई, काचेच्या चौकटी, वायरिंग). धनादेश वाचनालयाच्या नावे. रोख दिल्यास पावती मागून घ्यावी. वेळ सायं. 6 ते 8, सोमवारी बंद. जुने कागद, फोटो असल्यास आणावेत, स्कॅन करून लगेच परत मिळतील. मोडी वाचणारे कुणी असल्यास रविवारी सकाळी यावे, फार गरज आहे. छापखाना महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे.

आपला नम्र,
चिटणीस