पंप उतरवायच्या आधी कॅन लावून बघा

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

मी सोलापूरचा एक ट्रकवाला. एकच गाडी आहे, दहा चाकी, २०१४ ची, बीएस ३ (म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी नियमाचा जुना टप्पा), आणि ती मीच चालवतो, त्यामुळं गाडी उभी राहिली की घरात पैसा यायचा थांबतो. पत्र लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात गाडीचा पिकअप पडला आणि त्या पंधरा दिवसात मला जे कळलं ते उसाचा सीझन सुरू व्हायच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या बाकी गाडीवाल्यांपर्यंत पोचावं असं लई वाटतंय.

होटगीकडनं सिमेंट भरून लातूरला निघालो होतो. तुळजापूरचा घाट ही गाडी एवढ्याच लोडवर तिसऱ्या गिअरमध्ये चढते, कित्येक वर्षं चढलीय, त्या दिवशी मात्र दुसरा टाकला, मग पहिला टाकला, पाय पार खाली टेकला तरी आरपीएम वर जाईना, मागं गाड्यांची रांग लागली आणि मला घाम फुटला. वर सपाटीला आल्यावर परत बरी चालायला लागली. येताना रिकामी तर मस्त पळाली. धूर नाही, आवाज नाही, टेंपरेचर नॉर्मल.

पहिलं काम सगळे करतात तेच केलं, दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. मग गॅरेज सुरू झाले. एकानं सांगितलं इंजिनाचा डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या) उतरवा, कॅलिब्रेशन करा, म्हणजे मशीनवर डिझेलचं माप बसवा, ४५ हजार. दुसरा म्हणला टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) गेला. तिसऱ्यानं तर हाफ इंजिनच खोलायला सांगितलं, म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर सगळं बाहेर. तीन ठिकाणी तीन उत्तरं, आणि तिघांपैकी एकानंही लोड असताना गाडीत बसून चक्कर मारली नाही की कुठला गेज लावला नाही. मला ह्याचा राग येतो. ज्याच्या खिशातनं पैसे जाणार त्याला निदान दोष कुठं आहे ते दाखवून तरी द्या की. पंप एकदा उतरवला, सील तोडलं, की पैसे गेलेच, मग दोष तिथं असो नसो.

शेवटी अक्कलकोट रोडच्या एका वयस्कर मिस्त्रीकडं गेलो, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी मला विचारलं, "धूर कसला येतो?" मी म्हणलं, कसलाच नाही. तर ते म्हणले मग टर्बोचं नंतर बघू. त्यांनी मला समजावलं ते असं, की जुन्या पंपाच्या गाडीत टर्बो कमी पडला, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज फाटला, क्लिप ढिली झाली किंवा एअर फिल्टर चोक झाला तर हवा कमी पडते पण डिझेल तेवढंच येतं, ते नीट जळत नाही आणि काळा धूर निघतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि गाडी ओढत पण नाही आणि धूर पण नाही, म्हणजे डिझेलच कमी पोचतंय. एवढं जरी डोक्यात ठेवलं तरी अर्धं काम होतं असं मला वाटतं.

तरी त्यांनी बाकीचं सोडलं नाही. चालवून आणलेल्या गाडीचे सगळे ब्रेक ड्रम कुठला जास्त गरम आहे का ते हातानं चाचपले, एखादा ब्रेक धरून बसला तरी गाडी जड जाते आणि आपण इंजिनला दोष देत बसतो. मग मला पॅडल दाबून धरायला लावलं आणि स्वतः पंपाचा लिव्हर पूर्ण टोकाला जातोय का ते बघितलं. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकची) पाकळी अर्धवट अडकलेली नाही हे बघितलं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, तिथनं भपकारे येत नव्हते, म्हणजे रिंग-लायनर ठीक, हाफ इंजिनचा विषय तिथंच संपला. डिझेल टाकीचं झाकण ढिलं करून बघितलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. ह्या सगळ्याला अर्धा तास लागला आणि खर्च शून्य.

मग म्हणले उद्या लोड भरून ये, रिकाम्या गाडीत हा दोष सापडत नाही. दुसऱ्या दिवशी घाटाच्या खाली गाडी उभी केली, फीड पंपाला (टाकीतलं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) टाकीकडनं येणारा पाइप काढून ठेवला, वीस लिटरचा स्वच्छ डिझेलचा कॅन सायलेन्सरपासून लांब चेसीला घट्ट बांधला आणि त्यातनं पाइप जोडला. रिटर्नचा पाइपपण कॅनमध्येच सोडायचा, कारण इंजिनात जळतं त्यापेक्षा पंप जास्त डिझेल ओढतो आणि जादाचं टाकीत परत पाठवतो, मग कॅन बघता बघता रिकामा होतो. हँड प्रायमरनं (हातानं डिझेल ओढायच्या दट्ट्यानं) एअर काढली, स्टार्टर मारला आणि साहेब, तीच गाडी तेवढाच लोड घेऊन तिसऱ्यात घाट चढली. मला खरंच रडायला आलं. पंप चांगला, नोझल चांगले, टर्बो चांगला. दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधे.

तो निघाला रबरी पाइपमध्ये. सहा महिन्यांपूर्वी रात्री उमरग्याजवळ पाइप गळायला लागला होता तेव्हा जो मिळाला तो मी टाकला होता, तो डिझेलचा पाइप नव्हताच. बाहेरनं नवाकोरा दिसत होता. चाचांनी उभा चिरून दाखवला, आतलं अस्तर डिझेलनं फुगून सोललं होतं आणि झडपेसारखं आत लोंबत होतं. उसाचा रस स्ट्रॉनं हळू प्यायला तर येतो, जोरात ओढला की स्ट्रॉ चपटी होते, तसंच हे. आयडलला आणि रिकाम्या गाडीला थोडं डिझेल लागतं ते येत होतं, घाटात जास्त ओढ लागली की अस्तर आतनं चिकटायचं. नवे फिल्टर टाकल्यावर दोन दिवस बरं का वाटलं तेही तेव्हा कळलं, फिल्टरचा अडथळा कमी झाला म्हणून डिझेल थोडं सोपं पुढं जायला लागलं, पण अस्तर रोज अजून सुटतच होतं. नवा पाइप, दोन क्लिपा आणि कॉपरचे वायसर धरून सातशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. मजुरी त्यांनी सांगितली त्याच्या दुप्पट मी दिली.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे ते पण सांगतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत डीपीएफ आहे, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, आणि डीईएफ आहे, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी, डीईएफ खराब असलं किंवा जाळी भरली की कॉम्प्युटर स्वतःच पॉवर कमी करतो. तिथं आधी स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचायचा. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो आणि बाकीचं शुद्ध केलेलं पाणी, कुणी खताचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून टाका म्हणलं तर अजिबात ऐकू नका, सगळी सिस्टीम चोक होते. २०१० ला दिल्लीसोबत देशातल्या १३ शहरांत बीएस ४ आलं त्यात आपलं सोलापूर होतं, एवढ्या लवकर नवीन डिझेल आपल्या पेट्रोल पंपांवर आलं, मग लोड टाकून गाडी तपासायची पद्धत आपल्या गॅरेजांत का नसावी?

गॅरेजवाल्या भावांना माझी विनंती आहे, पंपाचं सील तोडायच्या आधी एकदा कॅन लावून गिऱ्हाईकाला शेजारी बसवा आणि चालवून दाखवा, त्याची मजुरी घ्या, आम्ही देऊ. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांना असे फाटके पाइप, चोक जाळ्या हातात देऊन शिकवा. आणि गाडीवाल्यांनो, डिझेल लाइनला डिझेलचाच पाइप टाका, रस्त्यात नाइलाजानं दुसरा टाकला तर घरी आल्यावर पहिला तो बदला. शंका आली तर फीड पंपाच्या आधी एक पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बघा, बुडबुडे पळताना दिसले तर लाइन कुठंतरी हवा ओढतेय.

साहेब, पत्र लांबलं, पण कापायचं असेल तर माझी हकीकत कापा, कॅनचं आणि धुराचं तेवढं राहू द्या. कारखान्यांवर गाड्या लागायच्या आधी छापलं तर बरं होईल.

आपला,
एक ट्रकमालक, जुना पुणे नाका, सोलापूर