आधी ज्वारी, मग वाळवण

प्रिय गजानन,

पत्र मिळालं. 'सोमवारपासून बाहेरगावचं काहीच घरात आणणार नाही' हे वाचून हसू आलं. गड्या, असं एकदम केलं की मे महिन्यात गाडी अडते. हिवाळ्यात आपल्याकडे विदर्भात कोणीही गावचं खाऊ शकतो. वांगी, मेथी, सांबार (कोथिंबीर), सोले (तुरीचे ओले दाणे), सगळं दारात येतं. कसोटी एप्रिल ते जूनची. आणि मे महिन्याचं ताट डिसेंबरातच ठरतं.

पहिले धान्य बदल. आठवड्यातून तीनच दिवस, रात्रीच्या जेवणाला भाकर. चार माणसं, दोन-दोन भाकरी, एका भाकरीला 80 ते 100 ग्रॅम पीठ, म्हणजे महिन्याला 9-10 किलो ज्वारी. वर्षाला क्विंटलभर धर. दुकानातली पांढरीफेक मालदांडी बहुतेक सोलापूरकडची, रब्बीची. आपली खरिपाची, कापणीच्या तोंडावर पाऊस लागला की कणसावर बुरशी येते न दाणा काळा पडतो. थोडा मळकट रंग चालतो, काळे-गुलाबी डाग असलेला दाणा नको. तो कोंबड्यांनाही घालू नको. रानडुकरं न रोह्यांच्या (नीलगाईंच्या) त्रासानं ज्वारी पेरणारे कमी झाले, म्हणून बाजारात शोधत बसण्यापेक्षा पेरणीआधीच एखाद्या शेतकऱ्याला 'क्विंटलभर मी घेतो' असं सांगून ठेव. (भंडारा-गोंदियाकडे, धानाच्या पट्ट्यात, राहिला असतास तर मी तांदळापासूनच सुरुवात सांगितली असती.)

भाकर थापताना चिरते, ही वहिनींची तक्रार बहुतेक पिठाची आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी पडलं की पीठ थोडं शिजतं, तेवढ्यावरच भाकर तग धरते. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते, मग कितीही मळा, कडा फाटणारच. म्हणून आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. आधणाचं पाणी घालून चमच्यानं कालवायचं, दोन मिनिटं झाकायचं, मग एका भाकरीपुरताच गोळा तळहातानं रगडून घ्यायचा. सगळं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटच्या भाकरी हमखास फाटतात. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, फार उशीर केला तर भेगा पडतात.

आता वाळवण, न हे याच महिन्यात, डिसेंबरातच. हरभऱ्याची भाजी पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात खुडतात. फुलोरा आला की पाला जून होतो. घेताना फवारणी झाली का, झाली असेल तर कधी, हे विचारच. घाटेअळीसाठी मारलेलं औषध पाल्यावरच बसतं, आणि ही भाजी आपण धूत नाही, कारण धुतली की आंब जाते. फवारलेली असेल तर सरळ सोडून दे. सावलीत, पातळ पसरून वाळव. उन्हात रंग उडतो. किलोभर पाल्याची वाळून पाव किलोच्या आसपास राहते. मुठीत धरून दाबल्यावर करकर आवाज करत चुरा झाला पाहिजे. नुसती मोडली तर अजून एक दिवस. वांग्याच्या पातळ फोडींना मीठ चोळून कडक उन्हात तीन-चार दिवस. त्या वाकता कामा नयेत, मोडल्या पाहिजेत.

बुरशी नुसती वाळवण कमी पडल्यानंच लागत नाही, डबा चुकीच्या वेळी भरल्यानंही लागते. उन्हातलं गरम वाळवण तसंच बंद केलं की झाकणाला आतून घाम सुटतो. रात्रभर उघडं ठेवलं तर दवाची ओल ओढून घेतं. दुपारी चारला सावलीत आणायचं, हाताला गार लागलं की दिवस मावळायच्या आत भरायचं.

तूर फेब्रुवारीत निघाली की वर्षाची एकदम घे. मिलवर भरडली तर 100 किलोमागे साधारण 70 किलो डाळ हाती येते, चुनी गाईला. तिखटाला भिवापुरी मिरची, हळद समुद्रपूर तालुक्यातली वायगावची. दोन्ही हाकेच्या अंतरावरच्या.

मग मे महिन्यात तुझ्याकडे काय असेल? सुकवलेली हरभऱ्याची भाजी, वांग्याच्या फोडी, माळ्यावरचं कोहळं, कांदे, कैरी, वरण न पिठलं. मुंगण्याच्या (शेवग्याच्या) शेंगा एप्रिलपर्यंतच चालतील. आलू बाहेरचे आणावे लागले तर आण, त्यात काही पाप नाही. पहिला पाऊस पडला की तरोटा (टाकळा) येतो. पंधरा-वीस दिवसांत कोवळी पानं संपतात, पुढं कडवट लागतो. काटोलं (करटुली) त्याच्या मागून, आंबाडी पोळ्याच्या सुमारास. ओळख नसलेला पाला जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय शिजवू नको, आणि आंबाडी जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात शिजवू नको. आंबटपणानं भांडं काळं पडतं न चवही बिघडते.

येत्या बाजाराला दोन किलो हरभऱ्याची भाजी घे, जास्त नको. पहिल्या खेपेला अर्धी तरी बिघडतेच. वाळवायला जुनं सुती लुगडं अंथरा, प्लास्टिकवर खालून ओल धरते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधाकर