आमची 84 सालची पद्मिनी भंगार नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की वीस वर्षांपुढच्या सगळ्या गाड्या सरसकट भंगारात काढा, रस्ते मोकळे होतील, हवा सुधारेल. ते पत्र बाबांनी चहा पिताना दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, पेपरची घडी घातली आणि खाली पार्किंगमध्ये गेले गाडीवरचं कव्हर काढायला. बाबा काही लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितोय.

आमची गाडी म्हणजे 1984 ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम कलर, गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग बाकासारखी. बाबांनी 92 साली सेकंडहँड घेतली. तेव्हा ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपला फिटर होते आणि चाळीतल्या बाकीच्यांकडे स्कूटर पण नव्हती, त्यामुळे जेजुरीला जायचं तर आम्ही चौघं, आजी आणि शेजारची दोन पोरं असे सगळे त्यात बसायचो. 2008 नंतर घरात नवीन छोटी गाडी आली आणि पद्मिनी वाईजवळ आमच्या गावच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली ती तेरा वर्षं. कोंबड्या अंडी घालायच्या मागच्या सीटवर.

खरं सांगायचं तर माझं आणि बाबांचं कधी भांडण नव्हतं पण बोलणं पण नव्हतं. लहानपणी त्यांची शिफ्ट, नंतर माझं कॉलेज, मग आयटीतली नोकरी, सगळा निरोप आईमार्फत जायचा. 2020 ला आई गेली आणि घरात दोन पुरुष राहिले, "जेवलास का", "हो", "औषध घेतलं का", "घेतलं", बास. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, तो पण मोबाईलमध्ये. एक दिवस बाबा आपणहून म्हणाले, गावाकडची गाडी आणूया का, आणि मी काही विचार न करता हो म्हणालो. टेम्पोत घालून आणली 2021 च्या जानेवारीत.

इंजिन पूर्ण जाम होतं. बाबांनी चारी प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल मिक्स करून ओतलं आणि म्हणाले आता हात लावायचा नाही. दर रविवारी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळू जोर द्यायचा, नाही हलली की परत ऑइल, परत आठवडाभर थांबायचं. मी ऑफिसमध्ये दोन मिनिटं सिस्टीम स्लो झाली तर वैतागणारा माणूस. तिसऱ्या रविवारी पुली अर्धा इंच हलली आणि बाबा एवढ्या जोरात "हलली रे!" ओरडले की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

मग सुरू झालं आमचं खरं काम. 1089 सीसीचं साधं चार सिलिंडर इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर, प्लगना करंट वाटणारा डेल्को, त्यातले पॉइंट, कुठं सेन्सर नाही काही नाही, सगळं डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं. माझ्या मते हेच महत्त्वाचं आहे, आजच्या गाडीचं बोनेट उघडलं तर वरती प्लास्टिकचं झाकण, बापानं पोराला काय दाखवायचं? इथं फ्युएल पंपाचं डायफ्रॅम फाटलंय ते पोराला बोट लावून दाखवता येतं. मी एकदा प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा आवाज आला, तेव्हापासून बाबांनी मला आणि माझ्या मुलाला फायरिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या सिलिंडरनंतर कुठला पेटतो तो क्रम, पाढ्यासारखी पाठ करायला लावली, एक-तीन-चार-दोन. मुलगा अजून जिना चढताना म्हणतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, सेट करताना बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली, म्हणाले ऐक. त्या दांडीतून आतला खटखट आवाज असा स्पष्ट येत होता की कुठल्या सिलिंडरचा गॅप जास्त आहे ते मला, आयुष्यात कधी पाना न धरलेल्या माणसाला, कळलं. त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं गाडीखाली पोत्यावर आडवे होतो, मागच्या पाट्यांना ग्रीस मारत, आणि माझ्याकडे न बघता बाबा बोलायला लागले. माझा जन्म झाला तेव्हा ते सेकंड शिफ्टला होते, फोरमन सांगायला आला, पण सकाळी रूटवर जायची बस उघडून पडलेली होती म्हणून काम संपवून रात्री बारानंतर दवाखान्यात गेले. "तुझ्या आईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मी जायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले आणि मग "चौदाचा दे" म्हणाले. मी चौदाचा पाना दिला. समोरासमोर खुर्चीत बसून हे वाक्य आमच्या घरात चाळीस वर्षांत आलं नसतं, अजून चाळीस वर्षांत पण आलं नसतं.

गाडी काही ऐऱ्यागैऱ्याची नाही हो. प्रीमियर कंपनी 1944 ला सुरू केली ती वालचंद हिराचंद यांनी, आपल्या सोलापूरचा माणूस. फियाटच्या लायसन्सवर कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी बनायची, आधी फियाट 1100, मग 1974 पासून पद्मिनी नाव. त्याच्या आधीची ती गोल पाठीची गाडी लोक डुक्कर फियाट म्हणायचे, बाबांच्या साहेबांकडे होती. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 ला ती पण रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळीकडे फोटो आले, लोक हळहळले. पण ज्यांच्या घरी अजून पद्मिनी आहे त्यांना पुढचा प्रश्न दिसला तो पार्ट्सचा. टॅक्सी होत्या म्हणून किंगपिन, बुश, ब्रेक शू, कार्बोरेटरचे किट बनत होते आणि दुकानात मिळत होते. आता आम्ही नाना पेठेत चार दुकानं फिरतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातो, जुन्या माणसांना विचारतो, कधी मिळतं कधी बाबा लेथवाल्याकडे उभं राहून बनवून घेतात. एका गॅरेजला फ्लोअरचा पत्रा बदलायला दिला होता, त्यांनी गंजावर पुटी भरून रंग मारून दिला आणि पैसे पूर्ण घेतले, सहा महिन्यात पायाखाली भोक. मग आम्हीच ग्राइंडर घेतला आणि सगळं खरवडून काढलं. त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं E20 पेट्रोल आलं, इथेनॉलनं जुनं रबर खराब होतं, म्हणून सगळे पाइप आणि डायफ्रॅम बदलून घेतले, जुनी गाडी असेल त्यांनी हे पहिलं करावं असं मी सांगेन.

आता मुद्द्यावर येतो. केंद्रानं 2021 ला व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, चांगलं केलं, वेगळी VA सिरीज, वेगळी नंबर प्लेट, 20,000 रुपये फी, दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन. पण अट अशी की पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं झालेली पाहिजेत. म्हणजे राजेमहाराजांच्या, उद्योगपतींच्या गाड्या त्यात बसतात, त्यांना मान मिळतो, मिळायलाच पाहिजे. पण फिटरनं, शिक्षकानं, डॉक्टरनं पै पै जमवून घेतलेल्या 80 आणि 90 च्या दशकातल्या गाड्यांचं काय? त्यांना नियमात जागाच नाही. दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. पासिंगच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 झाली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या कारना 10,000. रोज वापरायच्या धूर सोडणाऱ्या गाडीला हे लावा, माझी काही तक्रार नाही, त्या पत्रलेखकाचा हवेबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, माझ्या मुलाला पण तीच हवा घ्यायची आहे. पण आमची पद्मिनी वर्षाला पाच-सहाशे किलोमीटर चालते, पीयूसी वेळेवर, आणि रविवारी सकाळी तळेगावपर्यंत जाऊन परत. तिला आणि दिवसाला दीडशे किलोमीटर पळणाऱ्या खटाऱ्याला एकाच ओळीत उभं करू नका.

जुन्या गाड्यांच्या क्लबची जी जागतिक संघटना आहे, फिवा, ती 30 वर्षांपुढच्या, मूळ रूपात सांभाळलेल्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. जर्मनीत 30 वर्षांनंतर H अक्षराची वेगळी प्लेट मिळते. ब्रिटनमध्ये 40 वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे. आपल्याकडे पण 30 वर्षांपुढची एक मधली कॅटेगरी करा, वर्षाच्या किलोमीटरवर मर्यादा घाला, तपासणी कडक करा, आम्ही गाडी घेऊन येऊ, पण फी परवडेल अशी ठेवा आणि कागदावर ती भंगार नाही वारसा आहे असं लिहा.

घाई का करतोय ते सांगतो. आमच्या गाडीला 50 वर्षं होतील 2034 मध्ये. बाबा आज 76 चे आहेत, तेव्हा 85 चे असतील. गुडघे आत्ताच दुखतात, गाडीखाली आता मी जातो आणि ते स्टुलावर बसून सांगतात. पॉइंटचा गॅप अजून त्यांच्याएवढा पटकन मला जमत नाही. मुलगा पंधरा वर्षांचा झालाय, त्याला यंदा कार्बोरेटर पूर्ण खोलून परत जोडायचाय आणि आजोबा म्हणालेत की मी फक्त बघणार, हात लावणार नाही.

कार्बोरेटरचं किट कालच मिळालंय, येत्या रविवारी सकाळी सात वाजता बसणार आहोत. ते पत्र लिहिणारे वाचक पुण्यातलेच असतील तर त्यांनी जरूर यावं, बाबांनी तसं सांगायला सांगितलंय, चहा होईल आणि त्यांना एक चक्कर पण मारून आणू.

आपला,
एक नेहमीचा वाचक, चिंचवड