तो तास कुणाला दिलास?

विटा, रविवार

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेला तू प्लेस्टेशन पार्थला देऊन गेलास. पार्थ खूश आहे. ताईची कुरकुर सुरू झाली आहे, ती तिने करावी, आईच ती. मी त्यासाठी लिहायला बसलेलो नाही. फोनवर तू "सगळं ठीक आहे बाबा" म्हणतोस आणि त्यापुढे मला काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला.

परवा ताईकडे गेलो होतो. पार्थने हाताला धरून शेजारी बसवलं. तुझ्या त्या घोड्याच्या खेळाच्या, रेड डेडच्या, दोन डिस्क आहेत, आधी कुठली घालायची ते त्याला कळेना. एक नुसती भरून घ्यायची आणि दुसरी खेळायची, हे मी सांगितलं. 2018 च्या दिवाळीत बोनसमधून आणून तू ती भरत बसला होतास, तेव्हा मी शेजारीच होतो. तुझं खातं त्याच्यावर अजून तसंच आहे. खेळ जिथे थांबवला होतास त्याची यादी उघडली, तर सगळ्यात वर तारीख 2023 च्या मार्चमधली. मला मिरजेला हृदयाच्या दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या आठवड्यातली. पार्थ म्हणाला, "मामाचं पुसून टाकू?" मी म्हटलं, राहू दे.

खेळात आता मन लागत नाही असं तू गच्चीवर म्हणालास, आणि का ते सांगितलंस, ते मी विसरलेलो नाही. तासभर सवड मिळाली तर निम्मा वेळ अपडेट उतरवण्यात जातो. सहा महिन्यांनी बसलं तर घोड्याला शीळ घालायचं बटण कुठलं तेच आठवत नाही, मग गोष्ट कुठवर आली होती ते आठवण्यात उरलेला वेळ जातो. ऑनलाइन जावं तर शाळेतली पोरं दिसण्याआधीच टिपतात. आणि मित्रांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे ऑफलाइन. हे सगळं मला पटलं. वयाबरोबर खेळ सुटतात. माझं व्हॉलीबॉल सुटलं, ते मी ठरवून सोडलं नव्हतं. शिराळ्याला बदली झाली, तिकडे जाळी होती पण पोरं वेगळी होती, मग ताईचं दुखणं निघालं, आणि एक दिवस बूट कुणाला तरी देऊन टाकले. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. म्हणून तू खेळत नाहीस याची मला काळजी नाही, हे आधी स्पष्ट लिहितो.

मला एवढंच विचारायचं आहे की तो तास गेला कुठे.

लेकीला, ईराला गेला असेल तर सोन्यासारखा गेला. झोपेत गेला असेल तर त्याहून चांगला. पण दिवाळीच्या चार दिवसांत मी तुला पाहिलं. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप, अभ्यंगस्नान झाल्या झाल्या कॉल, रात्री साडेअकराला अमेरिकेचा कॉल, आणि पाडव्याच्या दिवशी तू सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलास तेव्हा लॅपटॉपचं झाकण उघडंच होतं. आईने ते मिटायला हात लावला आणि तू दचकून म्हणालास, "नको, चालू राहू दे." झोपेत म्हणालास. तुला आठवतही नसेल.

तुझं काम मला थोडंफार कळतं. सर्व्हर बंद पडला की तुला उठवतात, फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी विजेची लाइन, ट्रिप झाला की मला उठवायचे. वादळाच्या रात्री मीही काढल्या आहेत. पण उपकेंद्रात आठ तासांची पाळी संपली की वहीत लिहायचं, चार्ज दिला, खाली सही. समोरचा लिहायचा, चार्ज घेतला, त्याची सही. त्या दोन सह्या झाल्या की पुढच्या आठ तासांत कुठल्या फीडरवर किती अँपिअर आहे हे त्याने बघायचं. मी सायकल काढायचो आणि घरी येईपर्यंत माणसात यायचो. तुझी मात्र ती दुसरी सही मला कुठे दिसत नाही. तू चार्ज देतोस कुणाला?

बघ, हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या कामात मी लक्ष घालू नये असं आईनेही बजावलं आहे. वाकडच्या घराचे हप्ते, ईराचं पाळणाघर, मिरजेचं बिल तू कुणाला न कळवता भरलंस ते, हे सगळं त्या लॅपटॉपवरच उभं आहे हे मला ठाऊक आहे. आप्पांच्या हिश्श्याचं प्रकरणही तूच निस्तरलंस. काकू अजून सगळ्यांना सांगते की ओंकार नसता तर कोर्टात म्हातारे झालो असतो. माझ्या वयाच्या पस्तिशीपर्यंत मी एवढं ओझं उचललं नव्हतं. अभिमान आहे, तो लपवत नाही.

तरीही तू लहानपणी कसा खेळायचास ते डोळ्यांसमोरून जात नाही.

टीव्हीला जोडायचा तो कॅसेटचा गेम आठवतो? तू आणि ताई काँट्रा खेळायचात. तीन जिवांत काही व्हायचं नाही, म्हणून तीस जीव मिळवायची ती युक्ती तुम्ही मोठमोठ्याने म्हणायचात, वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. आईला ती ऐकून ऐकून पाठ झाली होती. पोळ्या लाटताना तिच्या तोंडी यायची. मग 2007 साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर ते क्रिकेट 07. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड सोडलं तर बाकीच्यांची नावं वाकडीतिकडी करून टाकलेली होती. आपल्या खेळाडूंना असल्या नावांनी खेळवायचं हे तुला सहनच झालं नाही. सुट्टीभर बसून तू एकेक नाव दुरुस्त केलंस. पेपरात संघ जाहीर झाला की तू तुझा संघ बदलायचास. कुठली फाइल उघडायची, कुठे काय लिहायचं, हे तू तिथेच शिकलास, आणि आज त्याच हातांनी घर चालवतोस. ते क्रिकेट कंपनीने पुढे काढलंच नाही, तरी अजून पोरं तेच खेळतात आणि आयपीएलचे नवे संघ त्यात भरतात, असं तूच सांगितलं होतंस.

आणि भारनियमन! तू उपकेंद्राच्या फोनवर फोन करायचास. "बाबा, लाइट कधी जाणार? शेवटच्या दोन ओव्हर राहिल्यात." मी काय करणार. वेळापत्रक वरून आलेलं, फीडर वेळेवर बंद करायचा. तुझ्यासाठी एक मिनिटही उशीर केला नाही, आणि दर वेळी हँडलला हात घालताना तू आठवायचास. शेवटी सांगलीहून यूपीएस आणला. त्यावर जेमतेम दहा मिनिटं निघायची, पण त्या दहा मिनिटांत तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी पाहिलं आहे. घामाघूम, ओठ दाबलेले, हाक मारली तरी ऐकू न येणं.

तो चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. खेळ राहू दे बाजूला, कशावरही पाहिला नाही. इथेच माझं अडतं.

लॉकडाऊनमध्ये वरच्या खोलीत तू, निल्या, सागर आणि जावईबापू रात्री पबजी खेळायचात, तेव्हा अगदी तसा नसला तरी आवाज तरी होता. 2 सप्टेंबर 2020 ला त्याच्यावर बंदी आली आणि त्या रात्री वरची खोली एकदम शांत झाली. पुढच्या वर्षी जुलैत तोच खेळ नव्या नावाने आला. तोवर निल्या दुबईला गेला होता, सागरचं लग्न ठरलं होतं, आणि चौघांची रात्र एक होईना. मला वाटतं तुझा खेळ तेव्हाच सुटायला लागला. बटणं विसरायच्या आधी माणसं पांगली. निल्याशी शेवटचं कधी बोललास? त्याची आई बाजारात भेटली की विचारते, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

आता थोडं मोठ्या माणसासारखं लिहितो, रागावू नकोस. वाचनालयात पेपर वाचतो तर जास्त खेळणाऱ्या मुलांबद्दल भरपूर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचं व्यसन आजारांच्या यादीत घातलं, ती यादी 2022 पासून लागू झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टात कायदाही झाला, तो व्हायलाच हवा होता, त्या खेळांनी आपल्या तालुक्यातली घरं बुडवली आहेत. तुझं तसलं काही कधीच नव्हतं. पण मिरजेहून आल्यावर तपासणीला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरने एक कागद भरून घेतला. तुला वाटलं असेल छातीबद्दल विचारतील. पहिलाच प्रश्न होता, गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटतो का, आणि तो किती दिवस. मी विचारलं, हे हृदयाच्या दवाखान्यात कशाला? ती म्हणाली, काका, हे आधी कळतं आणि माणूस दमलोय म्हणून सोडून देतो.

तू "मन लागत नाही" म्हणालास आणि मला तो कागद आठवला. एका खेळात लागत नसेल तर ठीक. जेवणात, गाण्यात, ईराशी दंगा करण्यात, स्नेहलबरोबर बाहेर जाण्यात लागत असेल, तर मी हे पत्र लिहून उगाच तुझा वेळ घेतला असं समज आणि मला तसं खडसावून सांग. पण त्यातही लागत नसेल, आणि आठवडे झाले असतील, तर ते दमणं म्हणून सोडू नकोस. डॉक्टरकडे जा. लाज वाटत असेल तर आधी फोनवर बोल, 14416 हा सरकारचा नंबर आहे, टेलिमानस म्हणतात, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलतात. कुणाला कळायचं कारण नाही. मलाही सांगू नकोस हवं तर. नाही, मला सांग. जमलं तर सांग.

बी.पी. बघतोस ना? आपल्याकडे आहे ते, आप्पांना होतं, मला आहे. दुपारी जेवायला उठत जा, खुर्चीत बसून जेवू नकोस. रात्रीचा चहा बंद कर. मोबाइल उशाशी ठेवू नकोस. सकाळी निदान सोसायटीत चार फेऱ्या मार.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. पस्तिशीच्या माणसाला बापाने चहा किती प्यावा सांगू नये हे कळतं मला. ओळी खोडणार होतो, पण मग पान घाण दिसेल, म्हणून तशाच ठेवतो.

असं नाही की तू परत कंट्रोलर हातात घ्यावास. पार्थकडून ते मागू नकोस, त्याने घोड्याचं नाव बदललंय. तुला आता दुसरं काही आवडत असेल. लहानपणी तू चित्रं काढायचास, ती बरी होती. पोहायचं म्हणत होतास. किंवा काहीच नको, नुसतं खिडकीत बस. पण त्या वेळेला त्या लॅपटॉपवाल्यांचा हात लागू देऊ नकोस. पगार देतात तेवढ्या तासांवर त्यांचा हक्क. बाकीचे त्यांनी मागितले नसतील कदाचित, तूच आपसूक देत असशील. बापाला असं वाटतं की मुलाचा चांगुलपणा लोक वापरून घेतात. माझी समजूत चुकीची असेल तर असू दे.

आम्ही दोघं कार्तिकी झाली की येतो आणि महिनाभर राहतो. आईचं आणि स्नेहलचं फोनवर ठरलं आहे, तुला सांगायचं राहिलं असेल. आल्यावर संध्याकाळी सात ते नऊ ईराचा चार्ज मी घेणार. पाळणाघरातून आणणं, वरणभात भरवणं, गोष्ट सांगणं, सगळं. ती रडली तरी तू बाहेर यायचं नाहीस. त्या दोन तासांत तू आणि स्नेहल काय करता ते मी विचारणार नाही, फक्त लॅपटॉप माझ्या खोलीत राहील. याला तुझी तयारी आहे का, एवढं कळव. हो की नाही तेवढंच.

तिकीट काढू नकोस. आईला एसटीत अर्धं तिकीट आहे, सकाळच्या गाडीने निघू. स्वारगेटला न्यायला येण्यासाठी सुट्टी घेऊ नकोस, रिक्षा करून येऊ. शेंगा, जोंधळ्याचं पीठ आणि काकूने दिलेलं तूप बरोबर आणतो. ईराच्या पायाचं माप पाठव, आई मोजे विणते आहे.

तुझे
बाबा