थ्रीडी प्रिंटरशेजारी एक लाकडी खोकंही असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अटल टिंकरिंग लॅबच्या, म्हणजे शाळांतल्या मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या प्रयोगशाळांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून वाचतो. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत अशा आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली, त्याचा आनंदच आहे. पण फोटोत दरवेळी थ्रीडी प्रिंटर आणि त्याच्याभोवती हाताची घडी घालून उभी असलेली मुलं दिसतात. भोसरीत मी चौतीस वर्षं व्हॅक्यूम फॉर्मिंगचे डाय, म्हणजे साचे बनवले. ती हाताची घडी माझ्या डोळ्यांत खुपते.

मिठाईच्या खोक्यातला कप्प्यांचा ट्रे किंवा गोळ्यांची पट्टी ज्या पद्धतीने बनते, तेच हे काम. प्लास्टिकची शीट तापवायची, साच्यावर टाकायची, खालची हवा काढायची. इंग्लंडच्या शाळांत ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय १९९०पासून आहे आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये हे यंत्र नेहमीचं. आपल्याकडे ते विकत घ्यायचीही गरज नाही. प्लायचं बंद खोकं, वर भोकं पाडलेली फळी, बाजूला घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी. झालं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातवाच्या शाळेत असं खोकं घेऊन गेलो. मुलांनी किल्ल्याचे बुरूज करायचे ठरवले. सातवीतल्या एका मुलीने लाकडाचा सुरेख, पण सरळसोट भिंतींचा बुरूज तासून आणला. हिप्सची (पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा चिवट प्रकार) शीट तापून तिला झोळ आला, क्लीनर चालू केला, क्षणात शीट बुरुजाला चिकटली. आणि निघेचना! थंड होताना आकसून तिने साचा घट्ट धरला होता. मी एवढंच विचारलं, भाताची मूद वाटीने का पाडतात, तांब्याने का नाही? तिने कानस घेतली आणि भिंती वर निमुळत्या करत नेल्या. दुसरी शीट अलगद सुटली. आमच्या धंद्यात याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मला तो शिकायला वर्ष लागलं होतं. एकाच्या किल्ल्यातली विहीर उथळ आली, कारण तळाशी हवा कोंडलेली. तिथे बारीक भोक पाडल्यावर ती नीट उतरली. चूक दोन मिनिटांत दिसते आणि तासाभरात सुधारते. प्रिंटरवर एक बुरूज व्हायला कित्येक तास, तेवढ्यात शाळा सुटते.

शीट हवेने ‘ओढली’ असं सगळी मुलं म्हणाली. मग फळ्यावर हिशोब केला. दर चौरस सेंटीमीटरवर हवेचा दाब सुमारे एक किलो. घरगुती क्लीनरने त्यातला पाचवा हिस्सा जरी मोकळा केला, तरी ए-फोर आकाराच्या शीटवर वरून सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो. ओढत कोणी नाही, वरची हवाच दाबते.

प्लास्टिकवर बंदी घालायची आणि शाळेतच आणायचं का, असं एका पालकांनी विचारलं. रास्त प्रश्न. आम्ही फसलेला बुरूज पुन्हा तापवला. तो पाहता पाहता बराचसा सपाट झाला. थर्मोप्लास्टिकची, म्हणजे तापवलं की पुन्हा मऊ होणाऱ्या प्लास्टिकची, पुस्तकातली व्याख्या त्या दिवशी कोणाला पाठ करावी लागली नाही. काळजी मात्र घ्यावीच लागते. शीट गॅसच्या ज्योतीवर धरायची नाही, पीव्हीसी वापरायचं नाही (जळलं तर घातक वायू निघतो), खिडक्या उघड्या, हातात जाड मोजे आणि हीटरपाशी मोठं माणूस.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३पासून ग्रामीण मुलांना हाताने काम करत शिकवलं, त्यामुळे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. लॅबच्या खरेदीच्या यादीत कानस, शिकंजा आणि प्लाय यांनाही जागा मिळावी, एवढीच विनंती. माझे जुने लाकडी साचे माळ्यावर पडून आहेत. आसपासच्या शाळेने मागितले, तर खोक्यासकट आणून देईन.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर, भोसरी