पॅकेजचा आकडा छापता, हॉस्टेलचीही माहिती छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपली ॲडमिशन पुरवणी मागच्या रविवारी घरी आली आणि दिवसभर या हातातून त्या हातात फिरत राहिली, कारण पुतण्या यंदा बारावीला आहे. पानोपानी युनिव्हर्सिटीचं गेट, हिरवं लॉन आणि ठळक अक्षरांत हायेस्ट पॅकेज. म्हणजे एका मुलाला किंवा मुलीला मिळालेला पगार. बाकीच्या हजार पोरांचं काय झालं त्याबद्दल एक ओळ नाही. आणि बहुतेक सगळे सांगतात की आमचा कॅम्पस रेसिडेन्शियल आहे, पण तिथे मुलं राहतात म्हणजे नक्की कशी राहतात हे कुणीच लिहीत नाही, आणि खरं तर पालकाला तेच आधी कळायला हवं.

माझी मुलगी राजस्थानात पिलानीला बिट्समध्ये (बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंदूरहून जयपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बस, झुंझुनू जिल्ह्यातलं लहानसं गाव, उन्हाळ्यात अंग भाजणारी लू आणि थंडीत हात गारठतात. तिला तिथे पाठवायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांपैकी निम्म्यांनी विचारलं, अगं पुणं का नाही? आपल्या इंदूरच्या मराठी घरांत तर पुणं ठरलेलंच असतं, मावशी असते, आत्या असते, नाहीतर चार मुली मिळून फ्लॅट घेतात. त्यात वाईट काही नाही, माझं स्वतःचं शिक्षण तसंच झालं. पण गेली अडीच वर्षं मुलीकडे बघून माझं मत पक्कं झालंय की निम्मी इंजिनिअरिंग वर्गात होते आणि निम्मी संध्याकाळी पाचनंतर.

पिलानीचं नाव कसं झालं ते बघा ना. 1901 साली बिर्लांच्या घरातल्या नातवंडांसाठी तिथे एका मास्तरांची पाठशाळा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने तिथे टेक्निकल ट्रेनिंग सेंटर काढलं, त्यातून 1946 ला इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं आणि 1964 ला सगळी कॉलेजं एकत्र करून आजची संस्था झाली, तेव्हा अमेरिकेच्या एमआयटीची आणि फोर्ड फाउंडेशनची मदत होती. पण नुसत्या पैशाने आणि परदेशी सल्ल्याने नाव होत नाही. 1969 ते 1989 अशी वीस वर्षं सी. आर. मित्रा संचालक होते आणि त्या काळात जे नियम बसले ते पुढच्यांनी मोडले नाहीत, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मॅनेजमेंट कोटा नाही, डोनेशन नाही. आधी बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन, 2005 पासून बिटसॅट ही त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा. हजेरीची सक्ती नाही, टाइमटेबल मुलांनी स्वतः बसवायचं, सर कोण हवेत तेही जागा असेल तर स्वतः निवडायचं. अठरा वर्षांच्या पोरीवर एवढा भरवसा टाकलेला बघून पहिल्या सेमिस्टरला मी घाबरले होते, पण ती स्वतःहून घोटायला लागली (अभ्यासाला तिथे घोटणं म्हणतात).

आणि 1973 पासूनची प्रॅक्टिस स्कूल. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साडेपाच महिने कंपनीत, त्याला क्रेडिट आणि ग्रेड, आणि बरोबर कॉलेजचे प्राध्यापक. मुलीला सिमेंटचा कारखाना मिळाला. सेफ्टी शूज घालून ती सकाळच्या शिफ्टला जायची, रोजची डायरी लिहायची, क्विझ, सेमिनार, ग्रुप डिस्कशन सगळं तिथेच व्हायचं. एकदा भट्टी बंद पडली तर दोन दिवस कंट्रोल रूममध्ये बसून टेंपरेचरचे ग्राफ बघत होती, फोनवर मला त्याशिवाय दुसरं काही सांगेना. आपल्याकडे इंटर्नशिपचं नुसतं सर्टिफिकेट आणून फाइलला लावलं की काम झालं असं किती ठिकाणी चालतं ते प्रत्येक पालकाला ठाऊक आहे.

वाढ तर त्यांचीही झाली, 2000 ला दुबई, 2004 ला गोवा, 2008 ला हैदराबाद, आता मुंबईजवळ मॅनेजमेंट, लॉ आणि डिझाइन. गोवा निघालं तेव्हा जुने विद्यार्थी म्हणत होते की आता नाव पातळ होणार. तसं झालं नाही असं मला वाटतं, कारण गोवा-हैदराबादलाही परीक्षा तीच, प्रॅक्टिस स्कूल तीच आणि मुलं कॅम्पसवरच राहतात. आमच्या इंदूरचंच उदाहरण घ्या. आयआयटी 2009 ला आली तेव्हा स्वतःची इमारत नव्हती, देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्ग भरायचे, आयआयटी मुंबईने बोट धरून चालवलं, मग शहराबाहेर सिमरोलचा कॅम्पस झाला. आधी माणसं जमवली, इमारती नंतर आल्या. आता बायपासला आणि उज्जैन रोडला नव्या युनिव्हर्सिटीची आधी इमारत उभी राहते, आणि प्राध्यापक किती, त्यातले कॅम्पसवर किती राहतात हे विचारलं की काउन्सेलर ब्रोशर पुढे करतो.

हॉस्टेलबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हजेरी नसली की जे मूल आतल्या आत खचलंय ते आठ दिवस खोलीत पडून राहिलं तरी वर्गात कुणाला कळत नाही. नामांकित संस्थांच्या हॉस्टेलमधून आत्महत्येच्या बातम्या येतात, त्यात चांगले रँक आणणारी मुलंही असतात, आणि दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. अशा वेळी कामी येतात ती विंगमधली, म्हणजे हॉस्टेलच्या एकाच ओळीतल्या खोल्यांतली मुलं, पिलानीत त्यांना विंगी म्हणतात. मागच्या वर्षी मुलीच्या विंगमधल्या एकीने मेसला येणं बंद केलं. दोन दिवस झाल्यावर या पोरी ताट वाढून तिच्या खोलीत गेल्या, दार वाजवत राहिल्या, ती उघडेपर्यंत हलल्या नाहीत, मग वॉर्डनकडे आणि तिथून काउन्सेलरकडे तिला बरोबर घेऊन गेल्या. ती मुलगी आज ठीक आहे. पण सगळा भार वीस वर्षांच्या पोरींवर टाकून चालणार नाही, संस्था जशी वाढते तसे वॉर्डन आणि काउन्सेलर वाढायलाच हवेत, पिलानी असो की सिमरोल की बायपासवरची कालची युनिव्हर्सिटी.

फी भारी आहे हेही मोकळेपणाने लिहिते. मेरिट आणि घरची परिस्थिती बघून फीत सवलत मिळते, पण सगळ्यांना मिळत नाही, आम्हाला लोन काढावं लागलं. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी 1952 पासूनचं आपलं एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेज गावातच आहे आणि तिथून उत्तम इंजिनिअर निघालेत. तेव्हा सगळ्यांनी पिलानीलाच जावं असं माझं म्हणणं नाही. लोन काढून किंवा दागिने मोडून फी भरायचीच असेल तर कशासाठी भरतोय ते तरी कळावं.

म्हणून विनंती अशी की पुढची पुरवणी काढाल तेव्हा हायेस्ट पॅकेजच्या शेजारी मीडियन पॅकेज, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतं तो मधला पगार छापा, आणि एक कॉलम हॉस्टेलचा ठेवा. किती टक्के मुलं कॅम्पसवर राहतात, एका खोलीत किती, रात्री डॉक्टर असतो का, काउन्सेलर किती मुलांमागे एक, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी, इंटर्नशिप कंपनीत होते की कागदावर. ज्या संस्था उत्तर देणार नाहीत त्यांच्या नावापुढे 'माहिती दिली नाही' असं छापा. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासबाहेर उभे राहणारे आम्ही चार-पाच पालक फोन करायला आणि प्रत्यक्ष जाऊन बघायला तयार आहोत, आपल्या वार्ताहरांना मदत लागली तर जरूर कळवा.

आपली,
एक पालक
लोकमान्य नगर, इंदूर